वहिनींची पाटी

जाहिरातीच्या धंद्यात मी एकतीस वर्षे काढली. साबण, केसांचे तेल, छताचे पंखे, प्रेशर कुकर, एका बँकेच्या मुदत ठेवी आणि एकदा तर चक्क ढेकणांचे औषध, असे जे जे विकायला आले ते ते मी मराठीतून विकले. तेव्हा २०२३ सालच्या श्रावणात वहिनींचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "भावोजी, एकदा येऊन आमची पाटी बघून जा ना," तेव्हा मला वाटले, एखाद्या रंगाऱ्याला धरून आणायचे काम असेल. मी दोन रंगाऱ्यांचे पत्ते खिशात टाकूनच डोंबिवलीला गेलो.

पाटी भिंतीवर नव्हतीच. ती गूगलच्या नकाशावर होती!

पुढे जाण्यापूर्वी घरची थोडी माहिती सांगायला हवी. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, डोंबिवलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवीत. घराच्या पुढल्या खोलीत सतरंज्या, एक फळा, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. सव्वीस वर्षे हा क्रम चालला. २०१९ च्या मार्चमध्ये दादा गेले. मुलगी तेव्हा शाळेतच होती. वहिनींनी त्या वर्षीच्या दिवाळीला शेजारच्या चार घरांसाठी चकल्या करून दिल्या. पुढल्या वर्षी चाराची चाळीस घरे झाली, आणि आता त्या पुढल्या खोलीत फळ्याच्या जागी भाजणीचे डबे उभे आहेत. दिवाळीच्या आधीच्या सहा आठवड्यांत वहिनींची वर्षाची निम्मी कमाई होते. पुतणीच्या कॉलेजची फी त्यातूनच जाते.

धंद्याचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. दिराने वहिनींच्या चकलीबद्दल लिहिले की ती जाहिरात होते, आणि जाहिरात असेल तर तसे सांगून टाकावे लागते. हा धडा मला उतारवयात मिळाला; कसा, ते पुढे येईलच.

तर पाटी. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की इंटरनेटवर जाहिरात करणे म्हणजे जुन्याच जाहिराती नव्या भिंतीवर चिकटवणे. मलाही तसेच वाटे. पण आमच्या वेळी गिऱ्हाईक आपल्या घरी स्वस्थ बसलेले असे, आणि त्याला उठवून बाजारात न्यायचे काम जाहिरातीला करावे लागे. येथे सारेच उलटे. गिऱ्हाईक आधीच उठलेले असते. त्याने स्वतःच्या बोटांनी 'घरगुती चकली डोंबिवली' असे लिहून विचारलेले असते. आता त्याला तुम्ही दिसता की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आणि दिसायचे कोणी, हे ठरते तरी कसे? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बसून जी युक्ती काढली आणि जिच्यावर १९९८ साली गूगल उभे राहिले, ती आपल्याकडच्या कुठल्याही आत्याबाईला चटकन समजेल. आपण स्थळाची चौकशी करतो तेव्हा मुलाकडच्यांनी स्वतःबद्दल काय सांगितले याला फारशी किंमत देत नाही. दुसरे कोण त्यांचे नाव घेतात ते पाहतो. त्यातही नाव घेणारा स्वतः किती वजनाचा आहे, तेही पाहतो. या दोघांनी जगातल्या सगळ्या पानांची अशी चौकशी मांडली: एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला म्हणजे एक शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याचीच ज्यादा शिफारस झालेली असेल तर तिचे वजन अधिक. आता त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत. चकली विचारणारा कोठे उभा आहे हेही बघितले जाते. पण मूळ बी हेच.

हे सगळे मला माझ्या पुतणीने समजावले. मी मात्र जुना खेळाडू. म्हटले, "शिफारशी मिळतील तेव्हा मिळतील. पैसे टाकून पहिल्या जागेवर बसता येत असेल तर वाट कशाला बघायची?"

बसता येते. शब्दांचा लिलाव असतो. कोणी 'चकली' असे लिहून शोधले की पापणी लवायच्या आत त्या शब्दासाठी बोली लागते आणि वर कोणाची जाहिरात दिसणार ते ठरते. नुसत्या मोठ्या बोलीने भागत नाही. जाहिरात त्या शोधणाऱ्याच्या किती उपयोगाची, हेही तोलले जाते. आणि कोणी जाहिरातीवर टिचकी मारली तरच पैसे कापले जातात. गूगलने हा जाहिरातींचा उद्योग २००० साली सुमारे ३५० जाहिरातदारांना घेऊन सुरू केला, आणि टिचकीमागे पैसे घेण्याची ही लिलावाची रीत त्याला २००२ साली जोडली. मला ती फार आवडली. आयुष्यभर आमच्यावर एकच आरोप होता, की जाहिरात वाचली कोणी ते सांगा. येथे तर शेवटच्या माणसापर्यंत हिशेब!

मी वहिनींचे ३,००० रुपये घेतले आणि नवरात्रात जाहिरात सोडली. नऊ दिवसांत ४१२ टिचक्या पडल्या. घटस्थापनेपासून मी रोज सकाळी आकडा बघून हात चोळत होतो. दसऱ्याला वहिनींनी विचारले, "मागण्या किती?"

मागण्या पाच होत्या.

चूक सर्वस्वी माझी होती. कोणकोणते शब्द शोधून ही माणसे आली, याची यादी मिळते. ती मी उघडलीच नव्हती. पुतणीने उघडली. 'चकली रेसिपी'. 'चकली कशी करतात'. 'चकली मऊ का पडते'. 'चकली तेलात का विरघळते'. 'चकलीचा सोऱ्या किंमत'. सारांश, आलेल्या माणसांपैकी बहुतेकांना चकली विकत नको होती. घरी करायची होती, आणि करताना अडली होती. कढईसमोर पिठाचे हात घेऊन उभी राहिलेली कोणी गृहिणी मदतीसाठी धावत आली आणि मी तिला भाव सांगितला! उलट, मुंबईच्या उपनगरांतली गुजराती कुटुंबे, जी खरोखरच विकत घेणारी, ती शोधीत होती 'चकरी'. हा शब्द मी घातलाच नव्हता. नको असलेले शब्द आधीच वगळता येतात, हे त्यानंतर शिकलो. तीन हजारांची शिकवणी.

वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी ती यादी स्वतः वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "यांना उत्तरं द्यायला हवीत."

"कशाची?"

"चकली मऊ का पडते त्याची. एवढ्या बायका विचारताहेत."

येथे माझ्यातला धंदेवाला आणि माझ्यातला मुलगा दोघेही एकदम उठून उभे राहिले. भाजणीचे ते प्रमाण माझ्या आईचे. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, हे कोणीही सांगेल; पण धने किती, जिरे किती, आणि डाळ कोणत्या रंगावर उतरवायची, हे आईने वहिनींच्या हाती दिले ते त्या घरात आल्यावर दहा वर्षांनी. ते सगळे जगाला फुकट वाटायचे, आणि मग आपल्याकडे येणार कोण?

वहिनी म्हणाल्या, "अहो, प्रमाण पुस्तकात असतंच की. कमलाबाई ओगल्यांची रुचिरा घराघरात आहे. म्हणून कोणी चकल्या विकत घ्यायच्या थांबल्या का?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी परतताना लोकलमध्ये मात्र एक जुनी गोष्ट आठवली, आणि जाहिरातवाला असून ती आधी आठवू नये याची लाज वाटली. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर होत. तो कारखाना औंध संस्थानच्या माळावर १९१० साली उभा राहिला. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तेथून एक लहानसे मासिक काढले, 'किर्लोस्कर खबर'. निघाले ते कारखान्याची खबरबात सांगायला. पण नुसती आपलीच टिमकी वाजवणारा अंक कोण वाचणार? शंकररावांनी त्यात लोकांच्या उपयोगाचे घालायला सुरुवात केली, आणि बघता बघता नांगर कधी न धरलेली माणसे त्याची वाट बघू लागली. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे आली. आज ज्याला 'कन्टेन्ट मार्केटिंग' म्हणतात आणि ज्याचे वर्ग भरमसाट फी घेऊन चालतात, ते आपल्याकडे नांगराच्या कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. विकणाऱ्याने आधी उपयोगी पडावे, बाकीचे मागाहून.

तर २०२४ च्या जानेवारीत पान तयार झाले. अकरा प्रश्न, अकरा उत्तरे. वहिनी बोलत गेल्या, पुतणी लिहीत गेली. मी व्याकरण पाहिले, आणि दोन ठिकाणी 'खुसखुशीत' घातले ते वहिनींनी काढून टाकले. मोहन जास्त झाले की चकली तेलात सुटते. कमी झाले की कडक होते. तेल पुरेसे तापलेले नसले की ती तेल पिते. घाणा काढताना तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले आहेत की नाही ते बघा. असे साधे. फोटो एकच, वहिनींच्या हातांचा, सोऱ्यासकट.

सहा महिने काहीही घडले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावर बोलणारे लोक ही सहा महिन्यांची गोष्ट गाळतात. गणपतीनंतर एकेक पत्ता येऊ लागला: सोलापूर, इंदूर, बडोदे. गंमत अशी, की चकलीपेक्षा भाजणीला मागणी जास्त. ज्यांनी ती कृती वाचली त्यांना कळून चुकले की धुणे, वाळवणे, भाजणे, दळून आणणे आपल्याच्याने व्हायचे नाही. चकल्या आपण घरी करू, पीठ तेवढे वहिनींचे आणू.

मध्यंतरी पाटीमुळे इतर पाहुणेही आले, त्यांचे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याही घरी कोणी असा उद्योग करीत असेल. पाटीवर घराचा पत्ता होता. एका रात्री साडेनऊला दोन अनोळखी तरुण दार वाजवून उभे. घरात मायलेकी दोघीच. दुसऱ्या दिवशी पुतणीने पत्ता झाकला. घरून चालणाऱ्या धंद्याला तो झाकून फक्त गावे दाखवण्याची सोय असते. धंद्याचा फोन वेगळा केला. "तुमची नकाशावरची नोंद बंद होणार आहे, नूतनीकरणाचे पैसे भरा" असे सांगणारे फोन येतात. नोंद फुकट असते, भरायचे काहीच नसते. आणि एकाने लष्करी छावणीतून बोलतो म्हणून चाळीस किलोची मागणी दिली व आगाऊ रक्कम घेण्यासाठी मोबाइलवर एक चौकोनी चित्र पाठवले. वहिनी म्हणाल्या, "पैसे घ्यायला माझा पिन कशाला लागतो हो?" फोन बंद झाला.

मग आले ते डिजिटल मार्केटिंगवाले गृहस्थ. कोणाच्या तरी ओळखीने आले. पोशाख नेटका, बोलणे गोड. त्यांनी आधी यंत्राकडून लिहून घेतलेला मराठी मजकूर वाचून दाखवला: 'चकली हा केवळ एक पदार्थ नाही, ती एक भावना आहे.' वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावना कशी तळायची?" गृहस्थ हसले, आणि त्यांनी दुसरा कागद काढला. पन्नास पंचतारांकित अभिप्राय, निरनिराळ्या नावांनी, सहा हजार रुपये. सगळेच करतात, असे म्हणाले. वहिनींनी त्यांना चहा दिला, चकली दिली आणि निरोप दिला.

मला मात्र तो दर डोक्यातून जाईना. एका अभिप्रायाला १२० रुपये. आमच्या काळी एवढ्यात 'समाधानी ग्राहकां'ची अख्खी पत्रे लिहून होत; त्यातली पुष्कळशी मीच लिहिली आहेत. आता लपवून काय उपयोग?

२०२४ च्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीचा फोन आला. पाटीवर बारावा अभिप्राय आला होता. आधीचे अकराही पाच ताऱ्यांचे. हा एक ताऱ्याचा. मजकूर दोन ओळी: चकल्या मऊ निघाल्या, एवढे पैसे घेऊन ही गत. दिवाळीला दोन आठवडे. कढया चढलेल्या, चार बायका मदतीला घेतलेल्या, तेलाचे डबे उधारीवर आणलेले.

तेथे सरासरी दिसते. पाचावरून ती ४.७ वर आली. आकडा ऐकायला एवढासा. पण लोक शेजारच्या पाटीशी पडताळतात, आणि एक ताऱ्याचे अभिप्राय आधी उघडून वाचतात. मी स्वतः हॉटेल निवडताना तेच करतो. मला त्या रात्री झोप आली नाही. पुतणीचे ते शेवटचे वर्ष होते.

शनिवारी दुपारी आमची सौ. झोपली होती. तिचा फोन टेबलावर होता. मी त्यावरून, तिच्या नावाने, वहिनींच्या पाटीवर पाच तारे दिले आणि लिहिले, 'जिभेवर रेंगाळणारी चव, आईच्या हाताची आठवण करून देणारी. एकदा घ्याल तर पुन्हा मागाल.' लिहून झाल्यावर, खोटे कशाला बोलू, जुनी बोटे अजून चालतात असे वाटून थोडे बरेही वाटले.

पुतणीने नंतर हिशेब करून दाखवला. माझा अभिप्राय धरून तेरा झाले, आणि सरासरी झाली ४.६९. पाटीवर दिसते ती एकच दशांश स्थळापर्यंत. म्हणजे पाप करूनही आकडा होता तिथेच राहिला, ४.७!

संध्याकाळी वहिनींनी माझ्या सौ.ला फोन केला. "अगं, किती छान लिहिलंस. तुला वेळ कधी मिळाला?"

सौ. म्हणाली, "मी? काय लिहिलं?"

मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटे धरून बसलो होतो.

रविवारी डोंबिवलीला गेलो. वहिनी घाणा काढीत होत्या. झारा निथळत ठेवला, गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "भावोजी, 'जिभेवर रेंगाळणारी' असं तुमच्याशिवाय कोण लिहितं हो?" मग त्यांनी हात पुसून फोन उघडला. मला वाटले, माझा अभिप्राय दाखवतील. त्यांनी दादांची पाटी उघडली.

दादांच्या क्लासची एक नोंद नकाशावर आहे, हे मला ठाऊकच नव्हते. ती कोणा विद्यार्थ्याने २०१६ साली केलेली. दादा गेल्यावरही दर जूनमध्ये पालकांचे फोन येत. शेवटी पुतणीने तिथे 'कायमचे बंद' अशी खूण केली. पण नोंद राहिली, आणि तिच्याखालचे अभिप्रायही राहिले. अडतीस आहेत. बरेचसे दादा गेल्यानंतरचे. कोणी लिहिले आहे की सरांनी तीन महिने फी मागितली नाही. कोणी लिहिले आहे की मी नापास झालो तेव्हा सर घरी आले. एकाने तर चारच तारे दिले आहेत, कारण सर भूमिती फार भरभर शिकवीत. ते अगदी खरे आहे. भूमिती ते मलाही भरभर शिकवीत.

"रात्री झोप नाही आली की मी हे वाचते," वहिनी म्हणाल्या. "आत्तापर्यंत कधी मनात आलं नव्हतं, की यातलं कोणी खोटं लिहिलं असेल. काल प्रथमच आलं. म्हटलं, निम्मे भावोजींनीच लिहिले असतील तर?"

मी तेथेच बसून तो अभिप्राय काढून टाकला. सौ.ची माफी मागायची ती घरी येऊन मागितली. तो निराळा अध्याय आहे.

मागाहून मी नियम वाचले. उपरती झालेल्या माणसाला वाचन फार. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात लोकांच्या ध्यानी येणार नाहीत असे लागेबांधे असतील तर ते उघड केले पाहिजेत, असे त्यांत आहे. दीर हा लागाबांधाच. भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळे मानकही आणले. आणि मी सौ.चा फोन उचलला त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अमेरिकेत खोटे अभिप्राय विकणे आणि विकत घेणे यांवर बंदी घालणारा नियम अमलात येत होता.

परंतु एक तारा होता तेथेच होता. त्याचे काय करायचे? मी म्हटले, "उत्तर देऊ या. 'काही तांत्रिक अडचणींमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'" वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेने आई पाहत असे.

त्यांनी वही काढली. वहिनींच्या वहीत प्रत्येक घाणा लिहिलेला असतो. तो पुडा ९ तारखेला गेला होता. त्या दुपारी दोन तास वीज नव्हती. पंखे बंद, कुरियरचा मुलगा दारात उभा, आणि परातीतल्या चकल्या अजून कोमट. त्या तशाच पिशवीत भरून पिशव्या बंद केल्या. गरम चकली कोंडली की तिला घाम सुटतो, आणि तो घाम तीच पिते. वहिनींना हे तेव्हाही ठाऊक होते. अकरा उत्तरांतले सातवे उत्तर तेच आहे!

त्या दिवशी अकरा पुडे गेले होते. वहिनींनी अकराही ठिकाणी फोन केले. चौघांकडे चकल्या मऊ निघाल्या होत्या. तिघांनी भिडेपोटी सांगितले नव्हते, आणि एकीने त्या पुन्हा तळून घेतल्या होत्या. चौघांनाही नवीन पुडे गेले. मग एक ताऱ्याखाली पुतणीने वहिनींच्या शब्दांत लिहिले: आपले म्हणणे खरे आहे, ९ तारखेला चकल्या गार होण्याआधी आम्ही पुडे बंद केले, चूक आमची, नवीन पुडा आज निघाला आहे.

त्या गृहस्थांनी तो तारा बदलला नाही. पुडा पोचल्याचेही कळवले नाही. त्या दिवाळीत सहा किलोच्या मागण्या परत गेल्या. का, ते कोणी सांगितले नाही, आणि नव्या किती आल्या त्या उत्तरामुळे, तेही कोणी सांगितले नाही. उधारीवरचे तेल मात्र भाऊबीजेपर्यंत फिटले. पुतणीची फी डिसेंबरात भरली.

एक नवी अडचण अलीकडे आली आहे. गूगलवर काही विचारले की पुष्कळदा यंत्रच वरच्यावर जुळवून उत्तर देते. भारतात हे ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागले. 'चकली मऊ का पडते' याचे उत्तर वरच मिळाल्यावर खाली वहिनींच्या पानापर्यंत कोण येणार? पुतणी आता त्या विवंचनेत आहे. वहिनींना तिने समजावून सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "उत्तर बरोबर देतंय ना?"

परवा फराळाच्या तयारीला नव्या दोन मुली मदतीला आल्या. मी टोप सरकवायला गेलो होतो. पुडे भरायच्या टेबलावर, डोळ्यांसमोर येईल असा, एक छापलेला कागद चिकटपट्टीने लावला आहे. एक तारा, दोन ओळी. वहिनी प्रत्येक नव्या मुलीला आधी तो वाचायला लावतात आणि मगच पिशव्यांना हात लावू देतात. कागदाखाली पुतणीने पेन्सिलीने लिहिले आहे, 'आधी गार होऊ द्या.'